गाडीची गोधडी

सोमवारी सकाळी आपण गाडीची गोधडी धुतली. ऐन थंडीत ती कधी सोडत नाही आपण. पण गल्लीतल्या कुत्र्याने तिच्यावर पाय वर केला होता, आणि तू त्या कुत्र्याच्या सात पिढ्या उद्धारत गाडीसमोर गाठी सोडवायला बसलीस. मी म्हटलं, राहू दे, होळीला धुऊ. तू म्हणालीस, "होळीलोंग वास लेत फिरू का मी?"

धुऊन झाली. भिजलेली गोधडी म्हणजे मेलेलं रेडकू, एकट्याचं काम नाही. एक टोक तू धरलंस, एक मी. मी उजवीकडे फिरवतोय आणि तू डावखुरी, तू डावीकडे. पीळ बसेल कसा? नुसतीच गोधडी दोरासारखी गरगरत राहिली. मी म्हटलं, तू उजवीकडे फिरव. तू म्हणालीस, तुम्ही डावीकडे फिरवा. दोघांपैकी कोणी हटलं नाही. अर्धीमुर्धी पिळली, पाणी गळत होतं तशीच तारेवर टाकली, आणि तू म्हणालीस, वाळायची तेव्हा वाळेल, तुमच्या नादी कोण लागतं.

दुपारी जेवलीस, जरा पडते म्हणालीस. उठवायला आलो तर हात गार. डॉक्टर आला, नाडी बघितली आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसला. एसटीडीवरून तुझ्या भावाला, नानाला, भडगावला फोन लावला, तो जीप घेऊन आला, आणि दिवस मावळायच्या आत तुला पोचवून आलो.

त्या दिवसाचं एवढंच. बायका तुझे गुण सांगत बसल्या होत्या, सोशिक होती, शांत होती. मी ऐकून घेतलं. शांत! तू? त्यांना कोणीतरी खरं सांगायला पाहिजे म्हणून लिहायला बसलो. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, तू असतीस तर हसली असतीस. तुझ्या नावाचं रडगाणं मी लिहिणार नाही. आपण ढवळी कशी तापवली ते लिहिणार आहे.

आयुष्यभर मी दुसऱ्याचे ट्रक चालवले. केळी भरायची, दिल्लीच्या रस्त्याला लागायचं. तू कधी ट्रकमध्ये बसायला मागितलं नाहीस. पण नोकरी सुटली तेव्हा म्हणालीस, एक तरी गाडी अशी पाहिजे जिच्या दाराला मी हात लावला तर मालक ओरडणार नाही. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याची जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली. पिंप्राळ्यात आपल्या दारातल्या निंबाखाली उभी केली. तू तिला गाईसारखं कुंकू लावलंस, चाकाला पाणी घातलंस आणि नाव ठेवलंस ढवळी. बॉनेटवर पोळीचा घास ठेवलास तेव्हा शेजारची बाई हसली. तू तिला विचारलंस, तुझी स्कूटर काय खाते?

रोज सकाळी मी गाडी चालू करायचो आणि तू चहा घेऊन बाजूच्या सीटवर येऊन बसायचीस. इंजिन तापल्याचा काटा वर येईपर्यंत आपला चहा. पहिल्या हिवाळ्यात चहा संपायचा, बशी वाळायची, काटा खालीच. मी खूश होतो. खानदेशातल्या ड्रायव्हरला एकच भीती, गाडी उकळण्याची. वैशाखात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभे असलेले किती बघितलेत. थंड राहते म्हणजे गुणी गाडी, असं मी चारचौघांत सांगायचो.

तुला ते पटायचं नाही. तुला म्हणे पायाला ऊब लागत नाही. मागून पांढरा धूर, चढावर दम नाही, इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकतंय, डिझेल तर उंटासारखं पिते. तू केळीवाल्याची पोर. थंडीने केळी काळी पडायला लागली की तुझ्या बापाच्या मळ्यात म्हणायचे चरका लागला. तू गाडीच्या नाकाला हात लावून निकाल देऊन टाकलास, "गाडीले चरका लागना शे."

मी हसलो. केळी आणि इंजिन एक करते ही बाई, म्हटलं.

आणि मग तुझ्या भाचीचा साखरपुडा झाला. नानाची धाकटी मंगल. लग्न माघात, धुळ्याला, मुलाकडे. सगळे भाऊबंद नानाच्या ओट्यावर बसलेले, नानाची नवी जीप दारात उभी, आणि तू कोणाला न विचारता जाहीर करून टाकलंस, "मन्ही भाची मन्ही गाडीमा जाई." माहेरी तू नेहमी एसटीने आलीस, नाहीतर कोणाच्या बैलगाडीत कोपरा मागून. आता तुझ्या दारात गाडी होती. तुझ्या बोलण्यात ते सगळं होतं. मला ऐकू आलं, नानाला नाही.

नाना उठला, ढवळीच्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "पाव्हणा, हाई गाडी शे का बरफना कारखाना?"

ओटा सगळा हसला. तूही हसलीस. निघताना मी चावी फिरवली तर ढवळीने पांढरा धूर असा सोडला की पंगतीत बसलेली माणसं ताट झाकायला लागली. नानाने मागून हाक मारून सांगितलं, नवरी जीपमधूनच जाईल, धुरात काळी पडायला नको. एरंडोल येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. तू गप्प बसलीस म्हणजे काय ते मला माहीत होतं. शब्द खाली पडला तर तू माहेरच्या ओट्यावर पुन्हा मान वर करून बसणार नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने काटा बघितला आणि मलाच झापलं. म्हणाला, आबा, लोक गाडी तापते म्हणून रडत येतात, तुम्ही थंड आहे म्हणून रडता. घरी जा.

घरी आलो तर तू बारदान घेऊन तयार. "घडले बारदान बांधतस, मंग गाडीले काबर नही?" थंडी पडली की केळीचा घड झाकतात, तसं तू रेडिएटरच्या जाळीवर बारदान बांधलंस. आपण असोद्याच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच वळणाला सुतळी तुटली आणि बारदान उडून मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर. तो ज्या शिव्या देत होता त्या तू खिडकीतून डोकं काढून निवांत ऐकल्यास आणि म्हणालीस, कच्चं बांधलं. चूक बांधलं नव्हे. कच्चं.

मग तू पेटी उघडलीस. जुनी लाल लुगडी, हिरवं पातळ, माझा एक सदरा जो मला विचारून घेतला नव्हता. जाळीच्या मापाने गोधडी शिवायला घेतलीस, चारी कोपऱ्यांना बंद. मी म्हटलं, बाई, लोक म्हणतील ढवळी बाळंतीण झाली. तू सुई दातात धरून म्हणालीस, म्हणू द्या, बारशाला बोलावू. एकच गोष्ट तू माझी ऐकलीस. वरची चार बोटं जागा उघडी ठेव म्हटलं, नाहीतर कधीतरी उकळेल. ठेवलीस. तोंड वाकडं करून, पण ठेवलीस.

गोधडी बांधून गाडी चालू केली. चहा अर्धा झाला नव्हता तोच काटा हलला. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. तू बशी खाली ठेवलीस. "उठना," तू म्हणालीस. मी म्हटलं, थांब, रस्त्यावर बघू. रस्त्यावर वारं लागलं आणि काटा पुन्हा खाली. पण पार तळाला नाही. तुझ्या गोधडीने मला एवढं दाखवलं की इंजिन ऊब करतंय, ती कुठेतरी वाहून जातेय. हे मी तुझ्यासमोर तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणतो. नाहीतर तू सांगत सुटशील की मी तुला श्रेय दिलं नाही.

मी बॉनेट उघडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवला आणि तुला चावी फिरवायला सांगितली. पहिल्यांदा चावी फिरवलीस तू त्या दिवशी. पाइप लगेच कोमट व्हायला लागला. तिथे माझं डोकं चाललं. नवा ट्रक आला की त्याचा हा पाइप बराच वेळ गार राहायचा आणि मग एकदम तापायचा. कारण पाण्याच्या वाटेवर एक पितळी झडप असते, थर्मोस्टॅट. पाणी गार आहे तोवर ती दार लावून बसते, इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरतं. तापलं की दार उघडते. ढवळीचं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरला पळत होतं. म्हणजे घराला दारच नव्हतं. आणि बिनदाराच्या घरात तू शेकोटी कितीही पेटव.

मिस्त्रीला विचारलं, झडप कुठे गेली? तो म्हणाला, काढली असणार. धुळ्याच्या मिस्त्रीने काढली असेल, नसती काढली तर मी काढली असती. आपल्याकडे ठेवतं कोण? आणि त्याने फळीवरून तेलाचा डबा ओढून माझ्यासमोर उपडा केला. पितळी झडपाच झडपा. जळगावातल्या निम्म्या गाड्यांच्या. एका उन्हाळ्याला घाबरून सगळ्या शहराने आपल्या गाड्यांची दारं काढून त्या डब्यात टाकली होती.

ढवळीच्या मापाच्या होत्या त्या मी धोतराच्या ओच्यात भरून आणल्या. चांगली कोणती ते बघायचं तर पाण्यात उकळून बघावं लागतं. तू तुझं वरणाचं पातेलं द्यायला तयार नव्हतीस. मी म्हटलं, नाना जीपवर फुलं बांधत असेल आत्ता. पातेलं आलं.

स्टोव्हसमोर आपण दोघं पाटावर बसलो. पहिली झडप टाकली, पाणी उकळलं, ढिम्म. दुसरी तशीच. एक तर गंजून अर्धी उघडीच होती, ती तू चिमट्याने उचलून खिडकीतून फेकलीस. मला वाटायला लागलं, डब्यात जे जातं ते मेलेलंच जातं. मग एक छोटी, जरा काळवंडलेली टाकली. पाण्याला आधण येता येता तिच्या मधली चकती हळूच वर सरकली. मटकीला मोड यावा तशी. तू पदर तोंडाला लावलास.

"जित्ती शे व माय," तू म्हणालीस.

पाण्यातून काढली, गार झाली, दार पुन्हा लागलं. पुन्हा टाकली, पुन्हा उघडलं. तुला ते एवढं आवडलं की स्वयंपाक राहिला बाजूला, तू ती झडप वर-खाली करत बसलीस. मला म्हणालीस, हिला कोण सांगतं हो कधी उघडायचं? मी म्हटलं, कोणी नाही, तिच्या पोटात मेण असतं, ते तापलं की फुगतं. तू म्हणालीस, म्हणजे हिच्या पोटात माया आहे. बरं बाई, माया तर माया. वरणाला त्या दिवशी पितळेचा वास होता आणि आपण दोघांनी ते बोटं चाटून खाल्लं.

झडप बसवली, नवं पॅकिंग घातलं, गोधडी बांधली. काटा उठला. रस्त्यावर आलो, वारं लागलं, काटा मधोमध. भडगावकडे निघालो, थेट गिरणेच्या पुलापर्यंत मधोमध. धूर नाही, खोकला नाही. तू काट्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. रस्त्यावर लक्ष ठेवा, तू म्हणालीस.

लग्नाच्या पहाटे नाना ओट्यावर उभा होता. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. मंगल कोणाला न विचारता आत्याच्या गाडीत जाऊन बसली, तेव्हा त्याला लेकीला उतरवता येईना. गोधडीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, हे काय, गाडीला ताप आलाय का? तू म्हणालीस, नाना, तुम्ही पुढे व्हा, आम्ही येतोच.

जीप पुढे, ढवळी मागे. जीपला कापडाची कनात, बाजूने वारं सरळ आत. पारोळ्याच्या अलीकडे नानाने जीप चहाला थांबवली. माणसं उतरली ती लाकडासारखी, गुडघे वाकत नव्हते. नानाची बायको सरळ आपल्याकडे आली, दार उघडलं, आत पाय टाकला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, तो मी कधी विसरणार नाही. ढवळीच्या बुडातून इंजिनाची ऊब येत होती. मांजर बसावं अशी ऊब. ती आत बसली ती उतरेचना. मग तिची आई आली. मग कोणाची तरी सासू. नवरीच्या मांडीवर दोन पोरं आली.

आणि मग नाना. चहाचा ग्लास हातात, कानाला मफलर. खिडकीतून आत बघितलं, मागे बघितलं, पुढे बघितलं. तू मुद्दाम समोर बघत राहिलीस. शेवटी त्याने तुझ्या बाजूचं दार उघडलं, "सरका जरासा, पाय गार पडी गयात." त्याने जीपची चावी पुतण्याकडे फेकली आणि दार आणि तुझ्यामध्ये स्वतःला कोंबलं. पाय सैल झाल्यावर म्हणाला, "गाडी तापस व, सुमन."

बास. बाकी धुळ्याचं लग्न मला फारसं आठवत नाही. जेवणात काय होतं विचारलंस तर सांगता यायचं नाही. मंडपाच्या दारात फोटोवाला म्हणाला, पुढची गोधडी काढा, गाडी चांगली दिसेल. तू त्याला म्हणालीस, तुझा कोट काढ, तूही चांगला दिसशील. मंगलच्या फोटोत गोधडी आहे. नवरीच्या शेजारी, लाल-हिरवी, माझ्या सदऱ्याच्या पट्टीसकट.

तेव्हापासून आपलं भांडण चालू. मी म्हणायचो, गाडी झडपेने तापली. तू म्हणायचीस, गोधडीने. दर हिवाळ्याला दिवाळी झाली की तू गोधडी बांधायचीस आणि तिथून सुरू. पाव्हणे आले की त्यांना विचारायचीस, आणि जो झडप म्हणेल त्याला दुसरा चहा नाही. मी म्हणायचो, एक दिवस गोधडी काढून गाडी चालवून बघू, दूध का दूध होईल. तू म्हणायचीस, "काढी दखा, मंग समजी." मी खरंच काढायला गेलो की जाळीसमोर आडवी. "हात नका लावू." इतकी वर्षं तू ती परीक्षा होऊ दिली नाहीस. मला वाटायचं, हरण्याची भीती आहे. आता वाटतं, तुला हिवाळ्याला भांडायला काहीतरी पाहिजे होतं. मलाही पाहिजे होतं, हे आता लिहून ठेवतो.

शांत होती म्हणे. अगं, तुझ्यामुळे या घरात कधी गार पडलं नाही.

मंगळवारी सकाळी घरात पाव्हणे झोपलेले होते. मी उठलो, तोंड धुतलं आणि रोजच्या नेमाने गाडीत जाऊन बसलो. बाहेर धुकं होतं. जाळी उघडी. तू गोधडी शिवलीस तेव्हापासून ऐन थंडीत ढवळी पहिल्यांदाच तिच्याशिवाय उभी होती. चावी फिरवली. चहा नव्हता, म्हणून किती वेळ गेला ते कळायला मार्ग नव्हता. काट्याकडे बघत बसलो. हलला. चढला. मधोमध येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

झडपेने तापली होती गाडी. मी जिंकलो होतो. बाजूच्या सीटकडे बघितलं.

दार उघडलं ते नानाने. शाल गुंडाळलेली, डोळे सुजलेले. बाजूच्या सीटवर बसला, पाय पुढे पसरले, जसे त्या दिवशी पसरले होते. काट्याकडे वाकून विचारलं, "काटा उठना का?"

"उठना," मी म्हटलं.

"गोधडी कोठे शे?"

मी तारेकडे बोट दाखवलं. तो उतरला आणि घेऊन आला. कडेला अजून पाणी होतं, आपण अर्धवट पिळलं तेवढं. त्याने एक टोक माझ्या हातात दिलं, एक स्वतः धरलं. मी उजवीकडे फिरवायला लागलो, नाना डावीकडे. तुमच्या घरात सगळेच डावखुरे. गोधडी नुसतीच गरगरत राहिली.

मी थांबलो. हात सोडवले, पुन्हा धरले आणि डावीकडे फिरवले. असा पीळ बसला की पाणी धारेने खाली आलं.

मग दोघांनी मिळून ती ओलीच जाळीवर बांधली, वरची चार बोटं सोडून. गाडी चालू होती. थोड्या वेळाने गोधडीतून वाफ निघायला लागली. घरातली माणसं उठून ओट्यावर आली, आम्हाला बघत उभी राहिली. ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघं ढवळीसमोर उभे होतो. गोधडी गाडीवरच वाळली.